ताई, जाऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. म्हणजे तुम्ही एकट्याच नाही विचारणाऱ्या, हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं आणि पुढच्या वेळी हेच पाठवून द्यावं असं बरेच दिवस मनात होतं. प्रश्न असा, की महामारी चालू असताना निव्वळ फिरायला म्हणून परदेशात जाणं बरोबर आहे का? मला विचारतात कारण मी लॅब टेक्निशियन आहे, आणि कोविडच्या काळात दोन-अडीच वर्षं माझं मुख्य काम म्हणजे लोकांच्या नाकात काडी घालणं. त्यातले खूप जण प्रवासाला निघालेले असायचे. आता कुठल्याही नवीन रोगाची बातमी आली की दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी फोन येतोच, ताई बुकिंग झालंय, जाऊ का? (बुकिंग आधी आणि प्रश्न नंतर, हे मात्र सगळ्यांचं सारखं.)

आधी रिपोर्टबद्दल बोलते, कारण ते माझं रोजचं काम आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. बऱ्याच देशांना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटी-पीसीआर लागायचा, तो हातात पडला की लोकांचे चेहरे असे खुलायचे जणू आपण पूर्ण निरोगी आहोत, पुढचे पंधरा दिवसही निरोगीच राहणार आहोत आणि आता आपल्यापासून कुणालाच काही होणार नाही याचा दाखला मिळाला. तसं काही नसतं हो. लागण झाल्यावर पहिले तीन-चार दिवस ती टेस्ट बहुतेक वेळा निगेटिव्हच येते, कारण काडीला चिकटण्याइतका व्हायरस तिथे अजून वाढलेलाच नसतो. लक्षणं दिसायला सुरुवातीच्या व्हायरसला साधारण पाच-सहा दिवस लागायचे, कधी चौदापर्यंत, आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला रोग द्यायला लागलेला असायचा. म्हणजे सोमवारी लागण झाली, बुधवारी स्वॅब दिला, गुरुवारी रिपोर्ट निगेटिव्ह, शुक्रवारी विमान, आणि शनिवारी तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर छान बसलाय आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला देताय. यात तुम्ही काहीच खोटं बोललेला नाहीत, सगळे कागद चोख आहेत. मला हेच अवघड वाटायचं, की चोख कागदांचा माणूसच जास्त बिनधास्त हिंडतो.

एक जोडपं आठवतं, लग्न नुकतंच झालेलं, दुसऱ्या दिवशी रात्रीचं फ्लाइट. मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याला ना ताप ना खोकला, पठ्ठ्या काउंटरसमोर ठणठणीत उभा. पैसे परत मिळणार नव्हते, इन्शुरन्सवाल्यांनी महामारी आधीपासून माहीत असलेली गोष्ट म्हणून हात वर केले होते, आणि ती मुलगी मला अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, दुसऱ्या लॅबमधून करून बघू का? कधीकधी निगेटिव्ह येतो ना?" येतो. हे तिला मी सांगितलं नाही, पण खरं आहे, स्वॅब नीट घेतला नाही तर येतो. मी म्हटलं, नियमाप्रमाणे घरी थांबायचं, आणि ते निघून गेले. थांबले की गेले मला माहीत नाही. मला त्यांचा राग आला होता असंही नाही, आयुष्यात एकदाच येणारी गोष्ट होती त्यांची, पण विमानात त्यांच्या मागच्या रांगेत कोण बसणार हे डोक्यातून जाईना.

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाने असा काय फरक पडतो. मलाही सुरुवातीला वाटायचं. मग २०२० च्या उन्हाळ्यात युरोपात काय झालं ते वाचलं. स्पेनमध्ये व्हायरसचा एक प्रकार उगवला, त्याला शास्त्रज्ञांनी २०ई (ईयू१) असं रुक्ष नाव दिलं, आणि शरद ऋतूपर्यंत तो पश्चिम युरोपातल्या कितीतरी देशांत सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार झाला. सगळ्यांना वाटलं हा जास्त वेगाने पसरणारा असणार. संशोधकांनी तपासलं तर तसा काही पुरावा मिळेना, त्याच्यात विशेष काही नव्हतं. विशेष एवढंच की तो सुट्टीच्या ठिकाणी, सुट्टीच्या दिवसात होता, देशोदेशीचे लोक तिथे गेले आणि परत येताना थोडा थोडा बरोबर घेऊन आले. त्याच्या आधी मार्चमध्ये ऑस्ट्रियातलं इश्गल, स्कीइंगचं गाव. आइसलँडने आपल्या परत आलेल्या लोकांच्या टेस्ट केल्या आणि ५ मार्चला इश्गल धोक्याचं ठिकाण म्हणून जाहीर केलं, तरी तिथलं पर्यटन पुढचा आठवडाभर चालूच. १३ तारखेला इश्गल ज्या दरीत आहे ती अख्खी दरी बंद करणार अशी घोषणा झाली आणि मग टुरिस्ट लोकांची अशी पळापळ झाली की जो तो गाडीत, बसमध्ये बसून आपापल्या देशाला, आणि रोग प्रत्येकाबरोबर. तिथे गेलेल्यांपैकी एकही वाईट माणूस नव्हता. स्कीइंग करायला गेले होते बिचारे.

आणि हे कोविडपुरतं नाही. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या रोगाच्या साथीत हाँगकाँगच्या एका हॉटेलात एक आजारी डॉक्टर येऊन राहिला, नात्यातल्या लग्नासाठी आला होता. त्याच मजल्यावरचे पाहुणे नंतर कॅनडा, सिंगापूर, व्हिएतनामला गेले आणि तिथे साथ सुरू झाली. एक हॉटेल, एक मजला.

तर मग जाऊच नये का? इथे माझं आणि माझ्या काही सहकाऱ्यांचं जमत नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे, महामारीत फिरायला जाणारा तो स्वार्थी, विषय संपला. मला ते पटत नाही, कारण दुसरी बाजूही माणसांचीच आहे. २०१९ मध्ये जगभरात एका देशातून दुसऱ्या देशात गेलेले पर्यटक सुमारे १४६ कोटी होते, २०२० मध्ये ते ४० कोटींच्या आसपास आले. म्हणजे हॉटेलातली खोली झाडणारी बाई, बोटवाला, गाइड, एअरपोर्टवर ट्रॉल्या गोळा करणारा मुलगा, यांचं वर्षभराचं पोट गेलं. जे छोटे देश पर्यटनावरच जगतात ते वाट बघत होते हो. मालदीवने २०२० च्या जुलैमध्येच दारं उघडली. थायलंडने १ जुलै २०२१ पासून फुकेत बेटावर वेगळा प्रयोग केला, लस घेतलेल्यांनी यायचं, टेस्ट करत राहायच्या, बाकी देशात जायचं असेल तर आधी चौदा रात्री त्या बेटावरच काढायच्या, आणि बेटावरच्या जास्तीत जास्त लोकांना आधी लस देऊन मगच हे सुरू केलं. आता यजमानाने एवढी तयारी करून बोलावलं, तुम्ही त्याचे नियम पाळून गेलात, तर तुम्हाला स्वार्थी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण बोलावलं कुणी हेही बघायला हवं. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये टालुन नावाची बोट न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर आली, बोटीवर इन्फ्लूएंझाचे रोगी होते आणि तिला क्वारंटाइन न करता बंदराला लागू दिलं. पश्चिम सामोआतली जवळजवळ पाचातली एक व्यक्ती त्या साथीत मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बोटींना कडक क्वारंटाइन लावलं, तिथे एकही मृत्यू नाही. एकाच संस्कृतीची, एकाच समुद्रातली बेटं. त्या बोटीला उतरू द्यायचं की नाही हे तिथल्या गावकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. कोविडमध्येही सरकारने दारं उघडली म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी उघडली असं नाही, पण निदान कुणीतरी उत्तर द्यायला बांधील असलेल्याने निर्णय घेतलाय एवढं तरी असतं.

नियमात बसतं म्हणजे झालं, असंही नाही बरं का. नेदरलँड्सचे राजेसाहेब २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कुटुंबासह ग्रीसला सुट्टीवर गेले, बेकायदेशीर काही नव्हतं, पण त्याच आठवड्यात देशात अर्धं लॉकडाउन लागलेलं आणि लोकांना शक्यतो घरात थांबा म्हणून सांगणं चालू. एवढी ओरड झाली की दुसऱ्याच दिवशी परत आले आणि मग व्हिडिओ काढून माफी मागितली. कॅनडातल्या ओंटारिओचे अर्थमंत्री रॉड फिलिप्स तर डिसेंबरमध्ये कॅरिबियनमधल्या बेटावर, आणि इकडे त्यांच्या नावाने आधीच शूट करून ठेवलेले व्हिडिओ पोस्ट होतायत, घरीच असल्यासारखे. ३१ डिसेंबरला राजीनामा द्यावा लागला. मला यातलं फिरणं एवढं नाही खटकत जेवढं लपवणं खटकतं. माझ्याकडे येणाऱ्यांतही असे असायचे, "कामासाठी चाललोय" म्हणायचे आणि पाच मिनिटांनी बायको विचारायची स्विमिंगचे कपडे कुठल्या बॅगेत. जे आपल्याला शेजाऱ्यापासून लपवावंसं वाटतं त्याचं उत्तर आपल्याला माहीत असतं, मला कशाला विचारताय.

(कुणाची आई शेवटच्या घटका मोजतेय, कुणाला सात महिने मूल भेटलेलं नाही, त्यांचा विषय वेगळा. त्यांना मी हे काही ऐकवत नाही. इथे फक्त हौसेच्या फिरण्याबद्दल चाललंय.)

मी स्वतः काय बघते ते सांगते, फोनवर विचारणाऱ्यांनाही हेच सांगते. एक, अडकलात तर किती दिवस झेपेल? कारण नियम रात्रीतून बदलतात. ब्रिटनने २०२० च्या जुलैमध्ये स्पेनहून येणाऱ्यांना क्वारंटाइन लावलं ते शनिवारी संध्याकाळी जाहीर केलं आणि मध्यरात्रीपासून लागू, म्हणजे सकाळी आनंदाने विमानात बसून गेलेला माणूस परत येताना चौदा दिवस घरात बंद. ऑस्ट्रेलियाने आपल्याच नागरिकांच्या येण्यावर आठवड्याचा आकडा ठरवून दिला, हजारो लोक परदेशात महिनोन्महिने ताटकळले, आणि ते सगळे काही फिरायला गेलेले नव्हते. त्या मोजक्या सीटांमध्ये हौसेने गेलेला माणूस जेव्हा रांगेत उभा राहतो तेव्हा कुणाची तरी सीट घेतो. म्हणून मी विचारते, वरचे पंधरा दिवस, हॉटेल, परत टेस्ट, नोकरी, घरचं म्हातारं माणूस, हे सगळं स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या रजेतून निभावणार असाल, रडारड न करता, तर पुढे बोलू.

दुसरं, जिथे जाताय तिथे आजारी पडलात तर झोपणार कुठे? हे कुणीच बघत नाही. लोक हॉटेलचे रिव्ह्यू दोन-दोन तास वाचतात, तिथल्या हॉस्पिटलमध्ये खाटा किती, ऑक्सिजन आहे का, आयसीयू जवळ आहे की बोटीने न्यावं लागतं, याची दोन मिनिटं चौकशी नाही. आणि नेमकी सुंदर ठिकाणं लहान असतात, दूर असतात, म्हणून तर सुंदर राहिलेली असतात. तिथल्या एका खाटेवर तुम्ही असाल तेव्हा तिथला कोळी जमिनीवर. या प्रश्नाला बरं उत्तर मिळेना तर मी सरळ सांगते, नका जाऊ, थांबा. लस आल्यावर, साथ ओसरल्यावर याच प्रश्नाचं उत्तर बदलतं हेही खरं. २०२० च्या एप्रिलमध्ये जे मला बेजबाबदारपणाचं वाटलं ते २०२२ मध्ये नाही वाटलं, आणि महामारी काही तेव्हा संपली नव्हती, जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी उठवली ती ५ मे २०२३ ला.

माझं स्वतःचंही तिकीट होतं. हे मी सहसा सांगत नाही. एप्रिल २०२०, ग्रीसमधलं एक छोटं बेट, नवऱ्याने आणि मी चार वर्षं पैसे साठवले होते. रद्द आम्ही केलं नाही, विमान कंपनीनेच केलं, तेव्हा मोठेपणा घ्यायला जागा नाही. त्या वर्षी जुलैमध्ये बेटं उघडली तेव्हा नवरा म्हणाला जाऊया, विमान कंपनीकडे तिकिटाचं क्रेडिट पडूनच आहे. मी दिवसाला दीडशे स्वॅब घेत होते तेव्हा, माझ्याइतकी धोक्याची पाहुणी दुसरी कोण असणार, तरी खोटं का बोलू, एक अख्खी संध्याकाळ मी लॅपटॉपवर खोल्या बघत बसले होते. मग बंद केला. त्यावरून आमचं भांडण झालं, आठवडाभर अबोला.

शेवटी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गेलो, तीन-तीन डोस घेऊन. बंदरावरून वर चढताना निळ्या दाराची एक बैठी इमारत लागते, मला वाटलं शाळा असेल. आरोग्य केंद्र होतं ते. बाहेर एक अॅम्ब्युलन्स, आत बाकावर दोन आज्या नंबरची वाट बघत बसलेल्या, मास्क हनुवटीवर. नवऱ्याने विचारलं खाटा किती असतील गं? आम्ही खिडकीतून डोकावून मोजल्या. चार होत्या. एकीवर फायलींचा गठ्ठा ठेवला होता.