घरातली आख्यायिका आणि खसरा नंबर

'आपले पणजोबा भोसल्यांच्या पदरी होते.' 'सीताबर्डीच्या लढाईत आपल्या घरचा माणूस होता.' 'हे देऊळ आपल्याच लोकांनी बांधलं.' नागपुरातल्या जुन्या घरांत असं एखादं वाक्य हमखास ऐकू येतं. ते जपायचं असेल तर आधी पिढ्या मोजा.

नागपूरचे भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मधली. शेवटचे भोसले राजे तिसरे रघूजी १८५३ साली वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. १९७५ च्या सुमारास जन्मलेल्याचे पणजोबा साधारण १८९० चे. ते भोसल्यांच्या पदरी असणं शक्यच नाही. पिढीला अठ्ठावीस वर्षं धरली तर लढाईतला माणूस सहा-सात पिढ्या मागचा निघतो. पण म्हणून घरचं सांगणं खोटं ठरत नाही. बोलण्यात 'पणजोबा' म्हणजे कुणीही जुना पुरुष, एवढंच.

शोध दरबारापासून नको, जमिनीपासून सुरू करा. दरबारी कागदांत मोजकीच नावं येतात. जमिनीचा कागद मात्र आजपासून एकेक पायरी मागे नेतो. शहरातलं घर असेल तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, काढा. गावाकडची शेती असेल तर सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, घ्या. अर्जात मौजा (महसुली गाव), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि खसरा नंबर (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) लागतो. नुसतं 'महालातला (शहराच्या जुन्या महाल भागातला) आमचा वाडा' लिहिलेला अर्ज पुढे सरकत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकही मागा, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात.

सगळ्यात जास्त घोळ नावांत होतो. जुन्या नोंदीत बहुधा आडनाव नसतं, 'गोविंदा वल्द लक्ष्मण, साकिन अमुक' एवढंच असतं. वल्द म्हणजे मुलगा, साकिन म्हणजे राहणार, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. एकाच गावात असे तीन गोविंदा सापडतात आणि लोक पहिल्यालाच आपला समजतात. बाप, आजा आणि शेताची चतुःसीमा (चारही बाजूंना कोणाचं काय आहे ते), तिन्ही जुळली तरच नोंद आपली धरा. शेजाऱ्यांची नावं फार कामाची, कारण शेजार सहसा पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो.

जुन्या मोडी लिपीतला कागद असेल तर जाणत्याकडून वाचून घ्या आणि शंका असलेलं अक्षर शंका म्हणूनच लिहून ठेवा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घही पाळत नाहीत. त्यामुळे आडनाव ओळखताना ओढाताण होते, आणि आपलं नाव दिसावं ही इच्छा असली की ते दिसतंच.

देवळावरच्या शिळेला खडू, तेल, चुना काही लावू नका. त्याने अक्षरांच्या खाचा बुजतात, घासून काढताना दगडही झिजतो. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका, चारही बाजूंनी फोटो घ्या आणि चौकटीत एक फूटपट्टी ठेवा. शके असेल तर ७८ मिळवा, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी इंग्रजी वर्ष उलटल्यावर येत असेल तर ७९. नुसतं 'ईश्वरनाम संवत्सर' कोरलं असेल तर घाई नको, कारण संवत्सराची नावं दर साठ वर्षांनी परत येतात. ते शके १७३९, १७९९ आणि १८५९ या तिन्ही वर्षांचं नाव आहे, म्हणजे लढाईचं १८१७ ही बसतं आणि १९३७ ही. अक्षरांचं वळण आणि कोरलेली नावं पाहूनच त्यातलं एक निवडता येतं.

किल्ला आणि वाडा यांच्या नादात एम्प्रेस मिल राहून जाते, याचं फार वाईट वाटतं. जमशेटजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ सालीच आला. शहरातल्या कितीतरी कोष्टी घरांचं नातं या मिलशी आहे आणि ते सिद्ध करणंही सोपं आहे, कारण कागद घरातच असतो: पीएफचं पासबुक, पगाराची चिठ्ठी, मिलचा बिल्ला. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर जातो तो नेमका हाच डबा. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागे माणसाचं पूर्ण नाव आणि मिलमधलं खातं लिहा, म्हणजे कामाचा विभाग: रिंग (सूतकताई), वाइंडिंग (सूत गुंडाळणं), विव्हिंग (विणकाम) जे असेल ते. खातं सांगू शकणारी बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत, तेव्हा त्यांच्याकडे याच आठवड्यात जा.