तुम्ही विचारलंत म्हणून: एम.एफ.ए.च्या पोर्टफोलिओत काय टाकायचं?

बी.एफ.ए.च्या, म्हणजे ललित कलेच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाची पोरं पुढच्या एम.एफ.ए.च्या (पदव्युत्तर पदवीच्या) प्रवेशासाठी विचारतात, "मॅडम, पोर्टफोलिओत, निवडक कामांच्या फाइलीत, काय टाकायचं?" सोबत आलेले वडील जरा थांबून विचारतात, "आपल्याकडच्या लेकराचा नंबर लागतो का तिकडं?" मी परभणीची. संभाजीनगरला चित्रकला शिकले, बडोद्याला एम.व्ही.ए. (एम.एफ.ए.सारखीच पदव्युत्तर पदवी) केलं आणि आता इथंच, मराठवाड्यात, शिकवते. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. नंबर लागतो. एका गोष्टीकडे तुम्ही किती काळ आणि किती बाजूंनी बघत आलात, ते चित्रांत दिसलं की लागतो.

पोरं पहिल्यांदा फाइल घेऊन येतात तेव्हा तिच्यात बहुतेक हे असतं: एक पोर्ट्रेट, एक निसर्गचित्र, एक स्टिल लाइफ, एक रचनाचित्र, एखादं अ‍ॅबस्ट्रॅक्ट. सगळं नीट, घोटून केलेलं. ही सवय कुठून आली ते मला कळतं. आपण सगळे शाळेत चित्रकलेच्या इलेमेंटरी-इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा देऊन आलेलो. स्थिरचित्राचा पेपर वेगळा, स्मरणचित्राचा वेगळा, संकल्पचित्राचा वेगळा, भूमितीचा वेगळा. पुढं फाउंडेशनला आणि बी.एफ.ए.लाही सबमिशन विषयवारच. त्या ग्रेड परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हातात रंग दिले, त्यांचं ऋण मी मानते. पण पदव्युत्तर प्रवेशाला समोर बसलेल्या माणसाला तुम्हाला सगळे विषय येतात का हे तपासायचं नसतं. चित्र काढता येतं हे त्यानं धरलेलंच असतं. या पोराला दोन वर्षं स्टुडिओत मोकळं सोडलं तर ते काय शोधत बसेल, एवढंच त्याला बघायचं असतं. पाच विषयांची पाच सुंदर चित्रं त्याचं उत्तर देत नाहीत.

औसा तालुक्यातल्या एका मुलाचं सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो जन्मलेलाही नव्हता. तो वाढला पुनर्वसनाच्या गावात: आखीव रस्ते, ओळीनं एकसारखी घरं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) भार असलेली जुनी घरं माणसांच्या अंगावर आली होती, म्हणून नवी घरं हलकी आणि सुटी बांधली गेली. पण माणसं त्या आखणीत तशीच राहिली नाहीत. कुणी पुढं ओटा काढला, कुणी पत्र्याचं शेड टाकलं, कुणी बाजूला गोठा घेतला. हा मुलगा त्या वाढीव बांधकामांची रेखाटनं वहीत करायचा. त्याची आजी नव्या घरात उभी राहून हात करून सांगायची, इथं ढाळज (दारालगतची बसायची जागा) होती, इथं बळद (धान्य साठवायची जागा) होतं, इथनं माळवदावर चढायचो. तो तेही काढून घ्यायचा. नव्या घराच्या नकाशावरच तो आजीचं जुनं घर वेगळ्या रंगानं काढायचा. फाइलीत मात्र त्यानं पुढं लावलं होतं आजोबांचं तैलरंगातलं पोर्ट्रेट, आणि या वह्या पिशवीत ठेवल्या होत्या. म्हणाला, "ते कच्चं काम आहे, मॅडम."

तेच पुढं आणायला मी सांगितलं. त्या वह्यांतून त्यानं कोळशात मोठी रेखाटनं केली, मग एचिंगच्या प्लेटा केल्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरून छापायच्या. दोन नकाशे एकमेकांवर छापले तेव्हा भिंती जुळेनात, आणि त्या न जुळण्यातच त्याला पुढचं काम सापडलं. मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ वह्या चाळल्या गेल्या. त्याला प्रिंटमेकिंगला (छापचित्रांच्या शाखेत) प्रवेश मिळाला. म्हणून सांगते, वह्या टाकू नका. खोडलेलं पान, चहाचा डाग पडलेलं पान, सगळं सोबत न्या.

आता हे वाचून लगेच भूकंप, दुष्काळ, आत्महत्या काढायला बसू नका. हे मी कळकळीनं सांगते. भेगाळलेली जमीन, रिकामा हंडा, आभाळाकडं बघणारा म्हातारा शेतकरी ही चित्रं समोरच्यानं वर्तमानपत्रात शेकड्यांनी पाहिलेली असतात. टँकरमागं घागर घेऊन तुम्ही स्वतः धावला असाल तर त्या रांगेबद्दल असं काही ठाऊक असेल जे त्याला ठाऊक नाही, मग जरूर काढा. नसेल तर दुसऱ्याचं दुःख प्रवेशासाठी वापरू नका. जालन्याच्या एका मुलीची आई ब्लाउज शिवायची. तिनं आईच्या कटिंगचे कागदी नमुने घेतले, त्यावर गिऱ्हाइकांची पेन्सिलीनं लिहिलेली मापं, बाळंतपणानंतर बदललेली मापं, आणि त्यातून बायकांच्या अंगांची एक मोठी मालिका उभी केली. त्यात शेत नव्हतं, नांगर नव्हता. तरी ते काम आपल्या गल्लीतलंच होतं.

अजिंठ्याबद्दल मात्र तुम्हाला विचारतीलच. मराठवाड्यातून आलात म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. त्याचं पाठ केलेलं उत्तर देऊ नका, आधी जाऊन बघा, आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढं उभं राहून झालं की मान वर करून छतही बघा. रंग उडालाय तिथं गिलावा बघा. तो मातीचा आहे, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू दिसतात. वर चुन्याचा पातळ थर देऊन तो वाळल्यावर रंगकाम केलेलं आहे. आणि एक गोष्ट मनात ठेवा. ज्या संस्थांच्या दारात तुम्ही बिचकत उभे राहता, त्या संस्थांची माणसं शिकायला आपल्याकडे आलेली आहेत. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती करत होते, ते काम 1885 पर्यंत चाललं. पुढं अजिंठ्याच्याच प्रतिकृती करायला आलेल्या इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत बंगालचे चित्रकार नंदलाल बोस आणि असित हलदार आले. 1919 ला सुरू झालेल्या शांतिनिकेतनच्या कलाभवनाची घडण ज्यांनी केली, ते हेच नंदलाल. तेव्हा 'आपल्याकडचं लेकरू' हे शब्द खाली मान घालून उच्चारायचं काही कारण नाही.

कुठं भरायचं? बडोद्याची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स, कलाभवन, जे.जे., बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठातलं सरोजिनी नायडू स्कूल. नांदेड-परभणीकडच्यांनी हैदराबादचा विचार आधी करावा, रेल्वेनं थेट जाता येतं. बाहेर देशात जायचं असेल तर तयारी वर्षभर आधी लागते. अमेरिकेतलं एम.एफ.ए. बहुधा दोन वर्षांचं असतं आणि तिथं पंधरा-वीस चित्रांच्या प्रतिमा ऑनलाइन मागतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती समाजकल्याण कार्यालयातून जरूर घ्यावी.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका, चांगली पोरं तिथं अडकतात. ओ.बी.सी.त असाल तर केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हेही आधी बघावं लागतं. जी.डी. आर्ट ही पदविका आहे. पदवी मागणाऱ्या ठिकाणी ती धरतात का, हे फी भरण्याआधी विचारा. फॉर्म मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात भरला तरी ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा, मुलाखतीचं पत्र तिथंच येतं.

चित्रांचे फोटो सकाळी सावलीत काढा, फ्लॅश नको, फिल्टर नको, मोबाइल चित्राला समांतर धरा. खाली माध्यम, सेंटिमीटरमध्ये माप आणि वर्ष लिहा. स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाबद्दलचं टिपण, आधी मराठीत लिहा, मावशीला सांगताय तसं. नंतर इंग्रजी करा. 'आयडेंटिटी' आणि 'मेमरी' असले शब्द त्यात आपोआप घुसतात. ते काढून तिथं बळद आणि ढाळज ठेवा, अर्थ एका ओळीत सांगा. आणि इंग्रजीच्या भीतीनं मुलाखत सोडू नका. मी हिंदीत बोलले होते, अडलं तिथं वही उघडून दाखवली, आणि माझं म्हणणं पोचलं.

नोकरीचं विचारणाऱ्या वडिलांना एवढंच सांगते: यू.जी.सी.च्या नेट परीक्षेत दृश्यकला हा स्वतंत्र विषय आहे, मास्टर्स करून ती पास झाल्यावर महाविद्यालयात शिकवायला अर्ज करता येतो. जागा थोड्या निघतात, हेही खरं. पण नोकरीच्या हमीवर हे दोन वर्षांचं शिक्षण तोलू नका. त्या दोन वर्षांत लेकराला स्वतःचं काम सापडतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

कुणाला फाइल दाखवायची असेल तर दिवाळीच्या सुट्टीत या. मी परभणीलाच असते. फ्रेम केलेली चित्रं घरीच राहू द्या, वह्या तेवढ्या सगळ्या आणा.