चढावरचा हँडब्रेक

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ख्याती असलेले पुणे सपाटच असणार, असे कुणालाही वाटेल. नुकतीच मोटार चालवायला शिकलेल्या माणसाला मात्र ते मुळीच तसे वाटत नाही. उड्डाणपुलाचा चढ, सोसायटीच्या तळघरातून वर येणारा अरुंद रॅम्प, एआरएआयच्या टेकडीवर जाणारा रस्ता, ही एरवी लक्षातही न येणारी ठिकाणे त्याला पाठ होतात. रविवारी सकाळी सिंहगडाचा घाट तर नकोच, कारण तिथे चढण्यापेक्षा चढावर मध्येच थांबावे लागण्याची धास्ती अधिक.

मी सध्या याच अवस्थेत आहे आणि माझा सारा संशय हँडब्रेकवर आहे. पायाखालचा ब्रेक दाबला की तळव्याला त्याचा जोर जाणवतो; हँडब्रेक ओढला की नुसते कर्रकर्र ऐकू येते आणि मागच्या चाकांपाशी काय घडले, ते कळायला मार्ग नसतो. वास्तविक त्यात गूढ काहीच नाही. बहुतेक साध्या गाड्यांत तरफ ओढली की गाडीच्या पोटाखालून गेलेली पोलादी केबल ताणली जाते, मागच्या चाकांच्या ड्रममधले लायनर आतून घट्ट टेकतात आणि तरफेच्या मुळाशी असलेल्या दात्यांत खिट्टी अडकून तो ताण तसाच राहतो. कर्रकर्र होते ते या दात्यांचेच. केबल सैल पडली असेल तर तरफ नेहमीपेक्षा वर येते, हे गॅरेजवाल्याच्या आधी आपल्या हातालाच कळते. एवढे समजल्यावर धीर यायला हरकत नव्हती. परंतु दहास एक अशा चढावर हजार किलोंच्या गाडीला सुमारे १०० किलोंचा जोर मागे ओढत असतो, हे गणितही त्याच सुमारास कानावर पडले.

ड्रायव्हिंग स्कूलचे सर निवांत असतात. "मॅडम, घाई नको. हाफ क्लचवर धरा, बॉनेट जरा उचलल्यासारखं वाटेल, मग हँडब्रेक सोडा." होते तसेच. इंजिनाचा आवाज खाली बसतो, गाडी थरथरू लागते. तेवढ्यात तरफ किंचित वर ओढून अंगठ्याने बटण दाबायचे असते, कारण वर ओढल्याखेरीज ते सहजी दबत नाही. गाडी मागे जाऊ न देता चढावरून निघणे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या चाचणीतही आहे, म्हणजे ही भीती सरकारदरबारीही नोंदलेली आहे म्हणायची. फक्त चाचणीच्या वेळी मागे कुणी नसते. सिग्नलला दुचाकीचे पुढचे चाक आपल्या बंपरला जवळजवळ टेकलेले असते आणि चालवणारीने तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला असल्याने ती आपल्यावर रागावली आहे की काय, हेही आरशात दिसत नाही.

नव्या गाड्यांतले हिल होल्ड पाय काढल्यावरही साधारण दोन सेकंद ब्रेक धरून ठेवते. सोय चांगली आहे. मागून हॉर्न वाजत असताना ते दोन सेकंद मोजवत मात्र नाहीत.

गाडी चढावर उभी करून जायचे असेल, तर भिस्त एकट्या हँडब्रेकवर ठेवू नये, याबद्दल जाणत्यांत दुमत नाही. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि शिवाय चाकाला दगड. घाटात हे दगड मुबलक मिळतात. निघताना ते बाजूला टाकण्याची तसदी मात्र फारसे कुणी घेत नाही आणि रात्री ते दुचाकीवाल्यांच्या चाकाखाली येतात, हे मला हँडब्रेकपेक्षाही घातक वाटते.

हे सर्व करून ब्रेकवरचा पाय हळूच उचलला की गाडी बोटभर मागे येऊन थांबते. ही हालचाल यंत्रातल्या मोकळीकीची, हँडब्रेक सुटल्याची नव्हे, हे सरांनी मला समजावले आहे. मागच्या सीटवरच्या सासूबाईंना ते कुणीच समजावलेले नसल्यामुळे त्या तोवर दार उघडून आणखी एक दगड शोधायला लागलेल्या असतात.