निळा ई गेला, पण सवय तीच

परवा सात रस्त्याजवळ मित्राच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसलो होतो. एक पोरगं फॉर्म भरायला आलं, मित्रानं सवयीनं फायरफॉक्स उघडलं (हा माणूस वीस वर्षं त्यालाच चिकटून आहे) आणि फोटो अपलोडपाशी पेज अडकलं ते अडकलंच. खाली बारीक अक्षरात, 'कृपया क्रोम वापरा'. मी म्हटलं, हे आपण आधी वाचलंय की बे!

कॉलेजला असताना नवी पेठेतल्या कॅफेत बसायचो तेव्हा निम्म्या साइटच्या तळाला असायचं, इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसेल. आमच्यासाठी तो निळा ई म्हणजेच इंटरनेट, ब्राउझर म्हणून साइट उघडायचं वेगळं सॉफ्टवेअर असतं हेच माहीत नव्हतं.

मायक्रोसॉफ्टनं आपला हा ब्राउझर सगळीकडं पोचवला कसा, तर स्पायग्लास नावाच्या कंपनीकडून मोझॅक या आधीच्या ब्राउझरचा कोड लायसन्सवर घेतला, विक्रीतला वाटा द्यायचं ठरलं, आणि मग ब्राउझर विंडोजसोबत चक्क फुकट दिला. आता फुकटातला वाटा किती काढणार? शेवटी १९९७ मध्ये ८० लाख डॉलरवर मिटवलं. १९९४ ला आलेलं नेटस्केप, दुसरा एक ब्राउझर, जे सगळ्यांच्या पुढं होतं, ते या फुकटापुढं टिकलं नाही. १९९८ ला अमेरिकन सरकारनं मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीची केस टाकली, २००० मध्ये जज म्हणाले कंपनीचे दोन तुकडे करा, २००१ ला अपिलात तो आदेश उडाला. तोवर नेटस्केप एओएल या इंटरनेट कंपनीच्या ताब्यात जाऊन बसलं होतं.

खरी गोष्ट पुढंय. आयई ६, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती, आला २००१ मध्ये, आणि तेव्हा तो वाईट नव्हता हां, खोटं कशाला बोला. पण त्यानंतरचा आयई ७ थेट २००६ ला! पाच वर्षं नवीन काही नाही, टॅब नाहीत, एकेक विंडो उघडत बसा, व्हायरस आला की फॉरमॅट मारा. समोर कुणी नसल्यावर कोण कशाला घाम गाळेल? २००४ ला फायरफॉक्स १.० आला, तोही नेटस्केपनं जाता जाता खुल्या केलेल्या कोडातूनच उगवलेला, तेव्हा कुठं मायक्रोसॉफ्टला जाग आली.

मग २००८ ला क्रोम. लई फास्ट होता, मीच घरोघरी टाकून दिला, म्हणजे पाप माझंही आहेच. आता बघा, ओपेरा ब्राउझर २०१३ मध्ये क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या कोडावर, गेला, आणि २०२० पासून खुद्द मायक्रोसॉफ्टचा एजसुद्धा त्याच्यावरच. म्हणजे चादरीवर लेबलं दहा दुकानांची पण माग एकच. फायरफॉक्सचं इंजिन, म्हणजे पेज दाखवणारा आतला कोड, वेगळं आहे, पण त्याची बहुतेक कमाई गूगल सर्च डिफॉल्ट ठेवण्याच्या पैशातून येते, आता बोला.

मित्राला हे सगळं ऐकवत होतो तर तो म्हणाला, गिऱ्हाईक थांबलंय, सरक. फॉर्म क्रोममधूनच भरला.