शर्मन काउंटी, कॅन्सस: मैदानी हवामानातील प्रवास

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही डेन्व्हरहून इंटरस्टेट 70 या महामार्गाने पूर्वेकडे निघालो आणि अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातील शर्मन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), गुडलँड या मुख्य गावी मुक्काम केला. सूर्यफुलांची शेते पाहणे हे निमित्त होते. परंतु या सपाट मुलखात मनावर ठसते ते तिथले हवामान, आणि त्याची माहिती घेतल्याशिवाय येथे कोणीही येऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

गुडलँड सुमारे 1,120 मीटर उंचीवर, रॉकी पर्वताच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाकाठी साधारण 450 ते 500 मिमी पाऊस पडतो आणि त्यातील बराचसा मे ते ऑगस्ट या महिन्यांत, मेक्सिकोच्या आखाताकडून येणाऱ्या बाष्पामुळे होणाऱ्या गडगडाटी वादळांतून मिळतो. आपल्याकडच्यासारखी पावसाची झड येथे लागत नाही. एक शेत चिंब भिजते आणि शेजारचे कोरडेच राहते. हवा कोरडी असल्याने जुलैत दुपारी 32 अंश सेल्सिअसच्या आसपास असलेले तापमान पहाटे 16 अंशांपर्यंत उतरते, म्हणून भर उन्हाळ्यातही स्वेटर जवळ असावा.

सकाळी आकाश निरभ्र होते. दुपार कलताच पश्चिमेला, कोलोराडोच्या दिशेने, ढगांचे मनोरे चढू लागले आणि संध्याकाळी वाऱ्यासह गारा आल्या. जमीनच उंचावर असल्याने गारांना वितळायला अवधी कमी मिळतो. उन्हाळ्यात लांबचा पल्ला दुपारपूर्वी संपवावा. गारा लागल्या तर पुलाखाली गाडी उभी करू नये, कारण त्याने मागची वाहतूक अडते आणि अपघात होतात. जवळचा एक्झिट घेऊन पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा. हवामान खात्याचे इशारे काउंटीच्या नावाने सांगितले जातात, त्यामुळे आपण शर्मनमध्ये आहोत, पूर्वेच्या थॉमसमध्ये की पश्चिमेच्या किट कार्सनमध्ये, हे चालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

हिवाळ्याचा धोका निराळा आहे. बर्फ थांबल्यावरही वारा पडलेला बर्फ उडवत राहतो आणि गुडलँडपासून पश्चिमेकडचा महामार्ग फाटके लावून बंद केला जातो. असे मार्च-एप्रिलमध्येही घडू शकते. निघण्यापूर्वी राज्याच्या ‘कॅनड्राइव्ह’ संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती पाहावी. गाडीत पांघरूण, पाणी आणि खाणे ठेवावे.

धुळीला मात्र सर्वांत जास्त घाबरावे. 14 मार्च 2025 रोजी याच काउंटीत धुळीच्या वादळात सत्तरहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि 8 जणांचा मृत्यू झाला. समोर धुळीची भिंत दिसली तर तिच्यात शिरू नये. अडकलोच तर गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घ्यावी, दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचा पाय काढावा, कारण मागून येणारा चालक लाल दिवा पाहून त्याच्याच रोखाने येतो.

शर्मन काउंटीत ‘माउंटन’ या कालविभागाची वेळ पाळली जाते आणि पूर्वेला थॉमसमध्ये शिरताच घड्याळ एक तास पुढे जाते. वादळाच्या इशाऱ्यातील वेळ वाचताना हे ध्यानात ठेवावे.