वेब्लीला तिच्या काळाचीच ग्रिप हवी

वेब्ली मार्क ६ या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरसाठी ग्रिप, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंना लागणाऱ्या पट्ट्या, शोधताय तर आधी हे बघा, हे मॉडेल १९१५ चं, याची मूठ खाली चौकोनी आणि त्याआधीच्या मार्क ५ ची गोलसर, त्यामुळे एकीची ग्रिप दुसरीला बसतच नाही, पण विकणारे सरसकट "वेब्ली ग्रिप" लिहून मोकळे होतात. मूळ ग्रिप व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, वर बारीक चौकड्या. उजेडाने काळ्याच्या तपकिरी होतात, आणि स्क्रू काढला की त्याच्या डोक्याखाली जुना काळा रंग तसाच गोल राहिलेला दिसतो, मला तर ते जाम आवडतं. प्लीज त्यावर पॉलिश मारू नका! स्क्रूपण बेताने आवळा, शंभर वर्षांचं रबर आहे, पटकन तडा जातो.

लॅनयार्ड, म्हणजे रिव्हॉल्व्हर हातून पडू नये म्हणून बांधायची दोरी, मुठीखालच्या कडीत अडकतो, ती कडी जागेवर आहे ना बघा. होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हरची म्यान, पहिल्या महायुद्धातल्या ऑफिसरचं हवं तर सॅम ब्राउन पट्ट्यावरचं (खांद्यावरून तिरपा पट्टा जाणारा ऑफिसरचा कमरपट्टा) चामड्याचं घ्या, १९३७ पॅटर्नचं खाकी वेबिंग, म्हणजे जाड विणीच्या कापडाचं, नंतरचं. आणि रिव्हॉल्व्हर त्या चामड्यात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि लोखंडाला गंज चढतो, दोन्ही वेगवेगळं ठेवा.