विद्युतदर्शीची नोंदवही: डब्यातली शून्य बेरीज

शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीतला विद्युतदर्शी (विजेचा प्रभार आला की ज्यातली ॲल्युमिनियमची पातळ पानं एकमेकांपासून फाकतात ते साधन) अखेर प्रभार धरून ठेवू लागला. मागच्या नोंदीच्या वेळी पानं अर्ध्या मिनिटात मिटत होती. दोष बुचाचा निघाला. लाकडी बूच ओल धरतं आणि तारेवरचा प्रभार त्यातून झिरपून जातो. आता तांब्याची तार मेणाच्या जाड गोळ्यातून आत सोडली आहे. सोलापूरची जानेवारीतली कोरडी हवाही साथ देतेय. काल पानं नऊ मिनिटं उघडी राहिली.

या खेपेला मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाचा 1843 मधला बादलीचा प्रयोग करायचा होता: धातूच्या बादलीत प्रभारित वस्तू उतरवली की तेवढाच प्रभार बादलीच्या बाहेरच्या अंगावर दिसतो. बादलीच्या जागी स्टीलचा उभा डबा, त्याखाली थर्माकोल, डब्याच्या बाहेरच्या अंगाला जोडलेली तार थेट विद्युतदर्शीपर्यंत. घासायला पीव्हीसीचा पाइप. आधी सोलापुरी चादरीचा तुकडा घेऊन बघितला, पण सुती कापडानं फारसं काही साधेना. मग आईनं माळ्यावरची जुनी घोंगडी काढून दिली. तिनं घासलेला पाइप डब्याला न टेकवता नुसता आत उतरवला आणि पानं ताडकन फाकली.

पुढे मात्र दोन रात्री गेल्या. पाइपावरचा ऋणप्रभार दिसत होता, घोंगडीवरचा धनप्रभार काही दिसेना. कारण साधं होतं: घोंगडी माझ्या हातात होती. तिच्यातून गेलेल्या इलेक्ट्रॉनांची तूट जमिनीतून, माझ्या अंगावाटे, भरून निघत होती. म्हणून घोंगडीचा तुकडा प्लॅस्टिकच्या पट्टीच्या टोकाला चिकटवला. पट्टी आणि पाइप दोन्ही मेणबत्तीच्या ज्योतीच्या वरून, अंतर राखून, फिरवले, म्हणजे आधीचा प्रभार निघून जातो. ही पायरी अजिबात गाळू नका.

गड्ड्याच्या यात्रेच्या आदल्या रात्री जमलं. दोन्ही वस्तू डब्याच्या आत ठेवूनच घासल्या. पानं जागची हलली नाहीत. पाइप बाहेर काढला, पानं फाकली. परत आत घातला, मिटली. मग पट्टी बाहेर काढली, तर पानं पुन्हा तेवढीच फाकली, या वेळी उलट प्रभारानं. सात वेळा केलं, सातही वेळा तसंच. हे डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला. घासून प्रभार निर्माण होत नाही. एकीकडचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे जातात, बेरीज शून्यच राहते.

पुतणीनं विचारलं, ‘काका, मग प्रोटॉन का नाही जात?’ प्रश्न अगदी नेमका होता. प्रोटॉन केंद्रकात घट्ट बांधलेले असतात, घासून ते सुटत नाहीत. आणि सुटले तर मूलद्रव्यच बदलेल. ॲल्युमिनियमचा अणुअंक 13, म्हणजे 13 प्रोटॉन. उदासीन अणूत इलेक्ट्रॉनही 13. सोबतच्या 14 न्यूट्रॉनांचा या हिशेबाशी संबंध नाही.

मग पानांचा हिशेब मांडला. एक पान 4 सेंटिमीटर लांब, 1 रुंद, वजन साधारण 12 मिलिग्रॅम. त्यात इलेक्ट्रॉन सुमारे 3.5 × 10²¹, प्रोटॉनही तितकेच. पानावर एक नॅनोकूलॉम (कूलॉम या प्रभाराच्या एककाचा अब्जावा भाग) ऋणप्रभार आला असं धरलं, तर जास्तीचे इलेक्ट्रॉन 624 कोटी. आकडा मोठा वाटतो, पण मूळच्या साठ्यात तो सुमारे 56 हजार कोटींत एक इतकाच. एवढ्याशा असमतोलानं पान डोळ्यांना दिसेल इतकं उचललं जातं!

प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 1836 पट जड, घडणही वेगळी. तरी दोघांच्या प्रभारांचं मूल्य सारखं. अत्यंत काटेकोर मोजमापांतही 10²¹ भागांत एका भागाएवढासुद्धा फरक सापडलेला नाही. ते तसं का, या विचारानं मला अजून झोप लागत नाही.

आता डबा बदलायचा आहे. माझा 18 सेंटिमीटर खोल आहे आणि पाइप तोंडाजवळ आला की पानं थरथरतात. कोणी याहून खोल डबा वापरला असेल तर माप कळवा.